नळाखाली धरलेली बाटली

पाठीमागे त्यांना सगळे थांबाबाई म्हणत, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. संशोधन केंद्राच्या त्या प्रयोगशाळेत कुणी घाई करायला गेलं की कोपऱ्यातून आवाज यायचाच, "थांबा जरा." बर्फातली नळी हातात धरून कुणी गप्पा मारत उभा राहिला, तर "थांबा, आधी ती नळी ठेवा." एकदा खुद्द संचालक हात न धुता आत शिरत होते, तर त्यांनाही दारात अडवलं. संचालक निमूट हात धुऊन आले. करतात काय बिचारे?

काम म्हणाल तर निम्मं स्वयंपाकघरातलंच. जिवाणू वाढवायला जेलीसारखा थर लागतो, त्याला अगार म्हणतात. तो शिजवायचा, निववायचा आणि चपट्या गोल प्लेटांमध्ये ओतायचा. अख्ख्या मजल्याच्या प्लेटा बाईंच्या हातच्या असत. पदवी घेतल्या घेतल्या त्या इथे लागल्या होत्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या, आणि दोन्हींचा त्यांना पस्तावा नव्हता.

आता त्या मजल्यावर चालायचं काय, ते सांगून टाकलेलं बरं. डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. दोन बाजूंना दोन दोर, मध्ये पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची. त्या तुकड्यांच्या जोड्याही ठरलेल्या: ए समोर टी, जी समोर सी, दुसऱ्या कुणाशी जमतच नाही. काही विकरं, म्हणजे एन्झाइम, ही शिडी नेमक्या जागी कापतात, काही कापलेली टोकं जोडतात. म्हणून एका जीवाचा तुकडा कापून डीएनएच्या एका लहानशा कड्यात बसवता येतो, आणि ते कडं जिवाणूच्या पोटात घालता येतं. पण ढीगभर जिवाणूंतल्या मोजक्यांच्याच पोटात ते जातं. ते ओळखायचे कसे? तर त्या कड्यात जिवाणू मारणाऱ्या एका औषधाला दाद न देण्याचा गुण असतो. तेच औषध अगारात घालायचं. कडं नसलेले मरतात, कडं असलेले जगतात आणि प्लेटेवर ठिपक्यांसारखे उगवतात. फक्त औषधाला उष्णता सोसत नाही. अगार कढत असताना घातलं की ते वाया जातं, आणि मग प्लेटेवर ऐरागैरा कुणीही उगवतो. म्हणून थांबाबाई अगाराची बाटली गालाला लावून बघायच्या. गालाला सोसली, की मगच औषध.

त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी याच प्रयोगशाळेत संशोधन करत होती आणि राहायलाही त्यांच्याकडेच होती. हुशार पोरगी, पण नशिबाने पाठ फिरवलेली. तिचं कडं काही केल्या जिवाणूत जात नव्हतं. प्लेटा कोऱ्याच्या कोऱ्या. सोमवारी समिती बसणार होती, आणि काही दाखवता आलं नाही तर संशोधनाची जागा जाईल, असं तिच्या मार्गदर्शक मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. पोरगी भरलं ताट सारून उठायची, आणि ते बघून मावशीही.

शुक्रवारी दुपारी ती बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, झाल्या प्लेटा?"

"आत्ताच बाटली बाहेर काढलीय. थांब जरा."

"थांबायला वेळ कुठाय गं? माझे जिवाणू तयार आहेत. आज पसरले तर उद्या उगवतील, म्हणजे सोमवारी दाखवता येतील."

दुसरं कुणी असतं तर बाईंनी दोन शब्द सुनावून परत पाठवलं असतं. पण पोरीचे डोळे रडून सुजलेले होते. बाईंनी बाटली उचलली, नळाखाली धरली, गोल गोल फिरवली आणि गालाला लावली. सोसली. औषध घातलं, प्लेटा ओतल्या.

शनिवारी सकाळी प्लेटा ठिपक्यांनी गच्च भरलेल्या होत्या. भाची मावशीच्या गळ्यात पडली. तिथूनच तिने घरी फोन लावला, तिची आई फोनवर रडली, मग बाईंशी बोलली. "तुझ्या हाताला गुण आहे हो," म्हणाली. बाई सुखावल्या. का नाही सुखावणार?

दुपारी त्यांनी उरलेल्या प्लेटा आवरायला घेतल्या, आणि एक प्लेट उजेडात धरली तर अगारात बारीक बारीक गुठळ्या. गुठळ्या होतात कधी? बाटलीच्या कडेचा अगार गोठतो आणि मधला कढतच असतो, तेव्हा. नळाच्या पाण्याने काच तेवढी गार झाली होती, आणि गालाला कळते ती काच. त्यांनी उरलेल्या एका प्लेटेवर साधे, कडं नसलेले जिवाणू पसरले. ही तपासणीची प्लेट खरं तर भाचीनेच लावायची, पण घाईत तिने ती गाळली होती. औषध शाबूत असेल तर या प्लेटेवर काहीच उगवायला नको.

रविवारी त्या मुद्दाम जाऊन बघून आल्या. प्लेट भरली होती. म्हणजे औषध वाया गेलं होतं, आणि भाचीच्या ठिपक्यांनाही काही अर्थ नव्हता.

भाची जेवणाच्या टेबलावर समितीसाठी चित्रं लावत बसली होती. बाईंनी सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी.

तिने हातातलं चित्र खाली ठेवलं. मग म्हणाली, "उद्याचा दिवस गप्प बसशील? समिती होऊन जाऊ दे. मी सगळं परत करते. तेव्हा खरंच उगवलं तर काय बिघडलं?"

"आणि नाही उगवलं तर?"

"मावशी, माझी जागा जाईल."

"मला कळतं गं. पण मॅडमना तू सांग. तू सांगितलं नाहीस तर मला सांगावं लागेल. प्लेट माझ्या हातची आहे."

"चूक तुझी आणि भोगायचं मी," भाची म्हणाली, आणि उठून आत गेली. ते खरंच होतं.

सोमवारी समिती बसायची वेळ झाली तरी भाची मॅडमशी काही बोलली नाही, तेव्हा बाई मॅडमच्या खोलीत गेल्या आणि कढत अगारात औषध कसं घातलं ते सांगून मोकळ्या झाल्या. मॅडमनी भाचीला बोलावून एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?" ती खाली बघत म्हणाली, "काल." मॅडमचा चेहरा पडला. समितीने सत्र संपेपर्यंत मुदत दिली, आणि ही शेवटची, असंही बजावलं.

घरात अबोला सुरू झाला. भाची ताट घेऊन खोलीत जायची. बहिणीचा फोन आला, "चारचौघांत पोरीला तोंडघशी पाडलंस. सख्ख्या मावशीने असं करावं?" बाई फोन ठेवून रडल्या, चांगल्या हुंदके देऊन रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला गेल्या. तिथे भाची स्वतःच्या प्लेटा स्वतः ओतत होती. बाईंच्या टेबलावरून मुकाट जायची, थांबाबाईंनी थांब म्हणावं एवढीही संधी ठेवायची नाही. तिच्या प्लेटा पुन्हा कोऱ्याच राहिल्या. कडं गेलं नाही म्हणून, की औषध जास्त पडलं म्हणून, हे तिचं तिलाच सांगता येईना.

जागा राहिली की गेली, असं विचाराल तर राहिली. पण बाईंना विचाराल तर त्या सांगतील ते पुढचं, जागेचं नव्हे.

सत्र संपत आलं तेव्हा भाची एका दुपारी टेबलापाशी आली. म्हणाली, "या वेळच्या प्लेटा तू ओतशील?"

"वेळ लागेल," बाई म्हणाल्या.

"लागू दे."

तिने स्टूल ओढलं आणि अगार निवेपर्यंत तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी बाई येऊन डबा ठेवताहेत, तोवर भाची दोन प्लेटा घेऊन आली. दोन्ही पालथ्या, एकावर एक. वरची तिने बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती खिडकीकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली. प्लेट स्वच्छ होती, एकही ठिपका नव्हता.

"काहीच नाही गं उगवलं," त्या म्हणाल्या.

"नसायलाच हवं. साधे जिवाणू पसरलेत त्यावर. तपासणीची आहे ती."

"मग दुसरीवर काय आहे?"

"बघितली नाही अजून," भाची म्हणाली. "आधी ही बघायची होती."