तानुबाईनं काढलेला स्क्रू

गिरधर मिस्तरी मुळातच कमी बोलणारा माणूस. पण शिरपूरच्या जिनिंगमध्ये मशीनचा पट्टा सैल पडला की त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. त्याची बायको तानुबाई कापूस वेचायला जायची, दोन शेळ्या सांभाळायची, अंगणातली चूल स्वतः घालायची. अडायची कशालाच नाही. फक्त नवऱ्याच्या हत्यारांना तिनं कधी हात लावला नव्हता. खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीला झाडूसुद्धा ती वळसा घालून मारायची.

अठ्ठ्याऐंशी साली, कापसाचा हंगाम भरात असताना, मिस्तरी मशीनशेजारीच कोसळला. धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवं अंग लुळं होतं आणि वाचा गेली होती. पायात हळूहळू जोर येईल, डॉक्टर म्हणाले, बोलण्याचं काही सांगता येत नाही. लेक लता चोपड्याहून येऊन राहून गेली. मग घरात ही दोघंच उरली. तानुबाई एकटीच बोलायची. भाजीचा भाव, शेळीचं दूध, शेजारच्या भाईदासच्या घरातलं भांडण, सगळं त्याला सांगायची. तो बघत राहायचा. डोळ्यांत सगळं कळत असायचं, आणि तेच तिला सोसायचं नाही.

संक्रांतीच्या सुमारास तो भिंतीला धरून चालायला लागला. मागच्या अंगणातल्या संडासापर्यंत जाईल इतका. पण मधे ते मागचं दार होतं. वरची बिजागरी गंजून सुटत आली होती, दार खाली झुकून फरशीला घासायचं. दोन्ही हातांनी उचलून ओढलं तरच उघडायचं, आणि मिस्तरीचा हात एकच. एका दुपारी तानुबाई शेतातून आली तेव्हा तो दारापाशीच बसलेला होता. धोतर ओलं. तिची चाहूल लागताच त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिनं पाणी तापवलं, त्याला धुतलं, पुसलं, कोरडं नेसवलं. दुसऱ्याच दिवशी बाजारातून नवी बिजागरी घेऊन आली.

भाईदास मदतीला आला. बिजागरीचे बाकीचे स्क्रू त्यानं काढले, पण चौकटीतला एक अडकला. त्यानं पेचकस दाबून, घसरवून, पुन्हा दाबून स्क्रूच्या डोक्यावरची खाच पार गुळगुळीत करून टाकली.

"हाऊ स्क्रू आते निंघत नई, वहिनी," तो घाम पुसत म्हणाला. "चौकटच बदलनी पडी."

चौकट बदलायची म्हणजे भिंत फोडायची. तो गेल्यावर तानुबाई बराच वेळ त्या स्क्रूकडे बघत बसली. वाटाण्याएवढं डोकं, त्यावर धरायला काही नाही. मग ती उठली, खाटेखाली वाकली आणि पत्र्याची पेटी फरफटत बाहेर ओढली. खाटेवर मिस्तरी ताठ झाला.

"मीच काढसू," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं देखा."

स्क्रूच्या कडेनं तिनं रॉकेलचे थेंब सोडले, ते मुरू दिले, मग पेचकस लावला. घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. तेवढ्यात खाटेच्या लाकडावर टकटक झाली. मिस्तरीचा डावा हात पेटीकडे दाखवत होता.

तिनं पाना उचलला. "हाई?" त्यानं नकाराची मान हलवली. कानस उचलली. नाही. पक्कड, नाही. त्यानं डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि डाव्या हाताचं बोट निकामी उजव्या हातावर आडवं ठेवून पुढेमागे ओढलं. कापायचं. पेटीच्या तळाशी लोखंड कापायच्या करवतीचं तुटकं पातं होतं. ते वर काढताच त्याची मान होकारानं इतक्या जोरात हलली की तिला हसू आलं.

आता तिला उमगलं. जुनी खाच गेली तर गेली, नवी पाडायची. पात्याच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून ती ते स्क्रूच्या डोक्यावर आडवं घासू लागली. लोखंडाचा बारीक भुसा तिच्या मनगटावर पडत होता. हात भरून आले, पण डोक्यावर एक चकाकती रेघ उमटली, आणि रेघेची खोल चीर झाली.

तिनं पेटीतला सर्वांत रुंद पेचकस चिरेत बसवला, मूठ छातीशी टेकवून सगळं अंग त्यावर टाकलं आणि फिरवायला जोर लावला.

"उलटा."

ती थिजली. हातात पेचकस तसाच. आवाज घोगरा होता, गंजलेला, पण त्याचाच होता. मागं वळून पाहिलं तर तो पुन्हा विरून जाईल अशी भीती तिला वाटली, म्हणून ती वळली नाही. स्क्रू डावीकडे फिरवून काढतात हे तिलाही ठाऊक होतं, घाईत चुकली होती. तरी तिनं विचारलं. आवाज कापू नये म्हणून हळूच विचारलं.

"कोनता बाजूले?"

खाटेवर श्वास अडखळला. घशातून काहीतरी वर येऊन परत गेलं. ती थांबली. बाहेर शेळी ओरडली, गप्प झाली.

"डा... डावा."

तिनं डावीकडे फिरवलं. आधी काहीच नाही. मग लाकडाच्या आत कर्रकन आवाज झाला आणि तो स्क्रू, जो भाईदासकडून हलला नव्हता, केसभर फिरला. पुन्हा केसभर. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही तिनं हात सोडला नाही. स्क्रू तळहातावर पडला तेव्हा कुठे ती वळली. मिस्तरी रडत होता, आणि आपल्या तोंडाला हात लावून बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचं असावं.

सैल झालेल्या भोकात काडेपेटीच्या काड्या ठोकून तिनं नवी बिजागरी बसवली. दार एका बोटानं उघडू लागलं. मिस्तरी बाहेर गेला, परत आला, आणि उगाच आणखी एकदा गेला.

शब्द परत आले ते आपल्या मर्जीनं. आधी हत्यारांचे. पाना, पट्टा, ग्रीस. पाणी हवं असलं की तो "तेल" म्हणायचा आणि ती तांब्या आणून द्यायची. चूक तिनं कधी सुधारली नाही. अख्खी वाक्यं त्याला पुढे कधीच जमली नाहीत. पण पोळ्याच्या आधी एका सकाळी ती ओसरीवर डाळ निवडत होती, तेव्हा कुणीतरी "तानी" अशी हाक मारली. लग्नानंतरच्या दिवसांत, आसपास कुणी नसताना, तो तिला तसं म्हणायचा. तिला वाटलं भाईदासच्या घरातून कुणाला बोलावतायत. ती डाळ निवडत राहिली. त्याला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली.