पाटील झालेला हात

बिरूअण्णांच्या कपाळावर मी स्वतः कॅमेरा बांधून आले आणि दुसऱ्या दिवशी चित्रण बघायला बसले, तर नुसता काळोख. आवाज मात्र छान आला होता: मेंढरांची बें बें, भाकरीची थापथाप आणि अण्णांचा दरडावणीचा सूर. त्यांनी कॅमेऱ्यावरून फेटा बांधला होता. जाब विचारला तर मलाच म्हणाले, "बोडक्या डोक्यानं घरात फिरू व्हय, बाई? सुना काय म्हणतील?"

मी तेव्हा धाराशिवात फिजिओथेरपिस्ट होते. लकव्यानंतर हात घरच्या रोजच्या कामाला खरोखर किती लागतो, हे कॅमेऱ्याने मोजायचे, असा आमचा अभ्यास होता. अण्णा बेंबळीचे, जन्मभर मेंढरांमागे हिंडलेले. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला होता आणि बराचसा परतही आला होता. दवाखान्यात तो पेला उचलायचा, मणी वेचायचा. आम्ही सगळे कौतुक करायचो, अण्णा सोडून. "हितं लई शहाणा हाय ह्यो," ते म्हणायचे, "घरी गेला की पाटील व्हतो."

मग कॅमेरा फेट्यावर बांधला. या खेपेला चित्रणातली हाताची कामे मोजणाऱ्या संगणकाने हाताला उत्तम शेरा दिला. आमचे मोठे डॉक्टर खूश. मी चित्रण उघडले, तर त्या कामसू हातात हिरव्या बांगड्या. अण्णांच्या तोंडाला पेला लावणारा, भाकरी दुधात कुस्करणारा, सदऱ्याची बटणे लावणारा हात थोरल्या सुनेचा, सुगंधाचा होता. सासऱ्याची चाकरी नीट होते का, हे तपासायलाच कॅमेरा आलाय अशी तिची समजूत. "तुमी बघितलं आन म्हणला, सून पाणी बी देत न्हाय, तर तोंड कुठं दाखवू?" बिचारी एरवीही सगळे करतच होती. कॅमेऱ्यासमोर थोडे जास्त केले, इतकेच.

अण्णांना मी लॅपटॉपवर ते दाखवले. मांडीवर निवांत पडलेला स्वतःचा हात ते बराच वेळ बघत राहिले. "खरंच पाटील झालाय की," म्हणाले, पण हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "ह्या हातानं आईचं खडं कसं येचू?" येरमाळ्याला चैत्रातल्या यात्रेत चुनखडीचे खडे वेचून येडाईच्या नावाने ढिगावर टाकतात. अण्णांची ती यात्रा कधी चुकली नव्हती. डाव्या हाताने वेचा, असे मी सुचवले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी वायरी गुंडाळू लागले.

त्या दिवशी फर्मान सुटले: डोक्यावर कॅमेरा आहे तोवर सुनांनी कशाला हात लावायचा नाही. न्याहारी दुपारपर्यंत चालू लागली. दूध सांडायचे, भाकरीचा निम्मा वाटा कुत्र्याला जायचा आणि सुगंधा आपले हात पदरात गुंडाळून समोर टिपे गाळत बसायची. "ऊठ की, पाटला," अण्णा हाताला सुनावायचे, "तुझी पाटीलकी कवाच बुडाली." संगणकाचे शेरे मात्र घसरत चालले. बांगड्या गेल्या होत्या ना! उपचारात काही चुकतेय का, असे डॉक्टरांनी विचारले. मी म्हटले, आता कुठे बरोबर चाललेय.

यात्रेला अण्णांनी हट्टाने कॅमेरा नेला. "तुमी येत न्हाय, तर त्यानं तरी बघावं." पुढच्या थंडीत दुसरा झटका आला आणि अण्णा गेले. मला फार वाईट वाटले, अजून वाटते. यात्रेचे ते चित्रण मी अधूनमधून बघते. उन्हाने तापलेले रान, एक पांढरा खडा आणि त्यावर उतरणारा थरथरता हात. खडा निसटतो. पुन्हा निसटतो. बांगड्यांचा हात मध्ये येतो, थबकतो आणि मागे जातो. मग अंगठा आणि दोन बोटे खड्याभोवती मिटतात, आणि खडा ढिगावर जाऊन पडतो. लगेच काळोख. अण्णांनी फेट्याचा शेमला ओढून कॅमेरा झाकला होता. काळोखातून आवाज येतो, "उठलास व्हय रं, पाटला?" आणि नंतर म्हातारा हुंदके देत रडतो.

संगणकाने त्या दिवसाचा शेरा दिला आहे: उजव्या हाताचा वापर नगण्य.