हनुवटीवरचे ठिपके

आमच्या घरातल्या एकाही लग्नाच्या अल्बममध्ये मोठीमायचा चेहरा नाही. पदर आहे. ती माझ्या मोठ्या काकांची बायको. इटियाडोह धरणाच्या पाण्याने भरलेल्या शेतात वाकून धानाची रोवणी करतानाही बांधावर नात्यातला एखादा जेठ, म्हणजे नवऱ्याहून वडील दीर, दिसला, की तिचा चिखलाने माखलेला हात आधी पदराकडे जायचा. "फोटोत कोनी बी पायते," म्हणायची.

पदराआड मात्र जीभ तिखट. आई सतत आजारी, म्हणून मला तिनेच वाढवलं. नागपूरला नोकरी लागल्यावर मी सुटीत गावी आलो की दारातच विचारायची, "काऊन आलास? आमची आठवन आली का तांदूळ सरला?" उत्तराची वाट न पाहता ताट वाढायला आत जायची.

तिच्या हनुवटीवर गोदनाचे हिरवट ठिपके होते. लहानपणी तिच्या आईने तिचं डोकं मांडीत घट्ट धरलं होतं आणि गोदणाऱ्या बाईने सुईने ते टोचले होते. त्या आईचा फोटो कुठेच नव्हता, तिची खूण एवढीच. "मेल्यावर दागिने काढून घेतेत बाबू, गोदना तेवढा सोबत येते," हे ती इतक्यांदा सांगायची, की आम्ही तिची टर उडवायचो.

नात्यातले शेवटचे जेठ वारले, त्याच वर्षी मी स्मार्टफोन घेतला. मोठीमाय आपण होऊन अंगणात येऊन बसली, पदर मागे सारून. "काढ आता. गोदना दिसला पायजे. मी गेल्यावर भिंतीवर मीच दिसली पायजे."

चेहरा गोरा, गुळगुळीत करणारी सोय माझ्या कॅमेऱ्यात चालूच असायची. मला ते ठाऊक होतं. छान दिसेल म्हणून मी तशीच ठेवली. तिने फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "हे कोन बाई?"

सुरकुत्या गेल्या होत्या, गोदनाही गेला होता. मी हसलो. "गोरी झालीस ना, मोठीमाय!"

ती हसली नाही. "मिटवून टाक. दुसरा काढ."

गोंदियाची बस यायची वेळ झाली होती. दिवाळीनंतर गावात मंडई भरते, त्या जत्रेला आलो की काढतो, म्हणालो. मंडईला मी गेलोच नाही. सुटी होती, ती मित्रांबरोबर फिरण्यात घालवली.

थंडीत मोठीमाय गेली. फ्रेमसाठी तिच्या मुलाने फोटो मागितला, तेव्हा माझ्याकडे तोच होता. आम्ही दोघं गोंदियाच्या स्टुडिओत गेलो आणि मी हट्टाने सांगितलं, हनुवटीवर गोदना पुन्हा रेखून द्या. कॉम्प्युटरपुढचा माणूस सहज म्हणाला, "हो जाएगा भैया. कितने डॉट थे?"

मी म्हणालो, तीन. तिचा पोटचा मुलगा म्हणाला, पाच. घरी फोन लावला, तर तिच्या सुनेलाही धड सांगता येईना. रोज तिच्या हातचं जेवलेली माणसं आम्ही!

"राहू दे ना आता," चुलतभाऊ शेवटी म्हणाला, "मस्त दिसून राहिली माय."

मला त्याचा भयंकर संताप आला. पण तीन की पाच, हे मला तरी कुठे नक्की ठाऊक होतं?

तिचा गोदना तिच्यासोबत गेला. भिंतीवर आहे ती कुणीतरी गोरी बाई, आणि दर दिवाळीला हार घालून आम्ही तिच्याच पाया पडतो.