मोकळ्या मनगटावरचे धडे

लग्नघरी नवरीच्या हातात चढवताना बांगडी तडकली आणि मी हसत मोठ्यानं म्हणाले, "फुटली!" बऱ्हाणपूरहून जळगावला आलेली पंधरा वर्षांची, बांगड्या भरणाऱ्या मण्याराची सून मी. उर्दूत घर डोक्यावर घ्यायची, मराठीत मात्र पाव अक्कल. आपलं मराठी बायकांना कळलं, याचाच आनंद! नवरीची आजी कडाडली, "कोन शे हाई? उठाडा तिले!" आधी टोपली बाहेर आली, मागून मी.

"या मेहरूण वस्तीतली दारं बंद झाली, तर तूही बऱ्हाणपूरला परत," सोबत आलेल्या सासूनं बजावलं.

लग्नघराच्याच ओट्यावर दुर्गाअक्का बसल्या होत्या. नवरीची सख्खी आत्या. पण विधवा, म्हणून बांगड्या भरताना बाहेर. त्यांनी माझं कोपर धरलं. "वेडे, सवाष्णीची बांगडी फुटत नाही. वाढते. 'वाढवली' म्हणायचं."

"पण तुकडे तर पडलेत!"

"डोळ्यांना दिसू देत. तोंडाला दिसू नयेत."

मग रोज दुपारी त्या ओट्यावर माझी शाळा. अक्का आपलं मोकळं मनगट पुढं करत. "भर." मी हवेतल्या बांगड्या भरायची. त्या कधी लाजरी नवरी होत, कधी खाष्ट सासू: "हळू गं मेले, हात आहे की मुसळ?" मी चुकले की पुन्हा पहिल्यापासून. "संपल्या म्हणू नको. 'उद्या आणखी आणते' म्हण." हवेतली बांगडी आली, की त्यांचा अंगठा आपोआप तळहातात मिटे. इतक्या वर्षांत काच न शिवलेला हात, पण विसरला काही नव्हता. धडा संपला, की रीतीप्रमाणे अक्का बांगड्या भरणारीला वाकून नमस्कार करत. मला, त्या उनाड पोरीला! मी फिदीफिदी हसायची.

दिवाळीत त्यांनीच आजीकडे शब्द टाकला आणि मला आत घेतलं. नेमकी एक तडकली. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "वाढवली हो आजी," मी म्हटलं. आजी म्हणाली, "मग दुसरी भर ना, बघत काय बसलीस!"

दार उघडलं होतं. मी उड्या मारत ओट्यावर आले. नवं मराठी मिरवायची भारी हौस! अक्कांचं मनगट हातात घेऊन लाडानं विचारलं, "अक्का, तुम्ही तुमच्या कधी वाढवल्या?"

त्यांनी हात मागं घेतला नाही.

"माझ्या वाढवल्या नाहीत, जैनब. नऊ वर्षांची होते. चौघींनी धरून फोडल्या. तिथं फोडल्याच म्हण."