बावीस पेपर, एकच चूक

"बावीस मुलांची एकच चूक? मॅडम, याला मराठीत कॉपी म्हणतात," आमचे विभागप्रमुख भागवत सर म्हणाले आणि त्यांनी पेपरांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. आयटी कंपन्या नुकत्याच बी.कॉम.च्या मुलांनाही घ्यायला लागल्या होत्या. आमच्या अंतर्गत परीक्षेत, म्हणजे कॉलेजच घेतं त्या परीक्षेत, प्रश्न होता: परदेशी कंपन्या आल्यावर लघुउद्योगांचं काय होईल, याबद्दल नेमलेल्या पुस्तकाच्या लेखकाचं मत सांगा. साठपैकी बावीस जणांनी लिहिलं, लघुउद्योग बंद पडतील. लेखकाचं मत नेमकं उलट होतं.

सर कॉपी केस करणार होते. पुढच्या सोमवारी एक कंपनी कॅम्पसला येणार होती आणि केस झालेल्यांना मुलाखतीला बसता येणार नव्हतं. त्या बावीस जणांत सुजाता वाघमारे होती. कंपनीची लेखी चाचणी ती पास झाली होती, फक्त मुलाखत उरली होती.

तिला बोलावलं. "कुणाचं बघून लिहिलंस?"

"कुणाचंच नाही, मॅडम. आमचे वर्गसुद्धा वेगळे होते."

"मग वाक्य न् वाक्य सारखं कसं?"

"झेरॉक्स एकच आहे ना आम्हा सगळ्यांची."

झेरॉक्स बघितली. कुणीतरी अप्पा बळवंत चौकातून त्या पुस्तकाची जुनी प्रत आणली होती. आधीच्या मालकानं तिच्यात रेघा मारल्या होत्या. मुलं तेवढंच वाचत होती.

"रेघा नसलेलं कोण वाचतं, मॅडम? पोर्शन केवढा असतो!"

"रेघा मारणाऱ्याला मार्क किती पडले होते?"

"ते... नाही विचारलं."

रेघ होती विरोधकांच्या मताखाली. लेखकानं ते आधी मांडलं होतं आणि पुढच्या पानावर आकडे देऊन खोडलं होतं. त्या पानावर एकही रेघ नव्हती.

मी सरांना झेरॉक्स दाखवली.

"म्हणजे कॉपीच की. फक्त घरी बसून केलेली."

"सर, घरी वाचून येणं गुन्हा असेल तर साठही जणांवर केस करा. नाहीतर फेरपरीक्षा घ्या. उतारा तुम्ही निवडा, कोरा, एकही रेघ नसलेला."

"शनिवारी. वाचता येतं हे दिसलं नाही, तर केस."

आठवडाभर मी रोज एक जादा तास घेतला. पहिल्या वाचनाला हातात पेन धरायचं नाही. दुसऱ्या वाचनाला समासात खूण करायची: विधान लेखकाचं असेल तर 'ले', दुसऱ्या कुणाचं असेल तर 'दु', पुरावा नसेल तर प्रश्नचिन्ह. सरावाला एका कॉम्प्युटर क्लासची जाहिरात घेतली. शंभर टक्के नोकरी.

"हे कोण म्हणतं?"

"क्लासवालेच, मॅडम."

"पुरावा?"

"टाय घातलेल्या मुलाचा फोटो," मागून आवाज आला. वर्ग हसला. जाहिरातीवर प्रश्नचिन्हांना जागा पुरेना.

शनिवारी सरांनी संगणकामुळे नोकऱ्या जातात का, यावरचा उतारा दिला. जात नाहीत, असं लेखकाचं मत होतं. एकवीस जणांनी ते बरोबर पकडलं. बाविसावी सुजाता. तिनं लिहिलं होतं: 'लेखकानं आकडे फक्त कारखान्यांचे दिले आहेत. बँकांचे दिलेले नाहीत. त्यामुळे मला हे पटत नाही.'

"विचारलं काय, लिहिलं काय!" सर म्हणाले. "लेखकाचं मत विचारलं होतं, या बाईंचं नाही." मग त्यांनी उतारा पुन्हा काढला आणि बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला.

"बँकांचे आकडे नाहीतच की यात."

"नाहीत, सर."

"उतारा माझाच." त्यांनी उतारा बाजूला ठेवला. "हे कुणाचं बघून लिहिणार ती? जाऊ द्या सगळ्यांना सोमवारी."

केस झाली नाही. कंपनीनं आमच्या कॉलेजातून सात जणांना घेतलं, त्यात सुजाता होती. पेढे घेऊन आली तेव्हा तिनं फेरपरीक्षेचे मार्क विचारले. मी तिला पाचपैकी दोन दिले होते.

"मॅडम, शंका तर बरोबर होती ना?"

"होती. म्हणून दोन. समोरचा काय म्हणतो ते आधी नीट सांगायचं, शंका त्यानंतर काढायची. त्याचे तीन मार्क होते."