वाणातली पाकिटं

"रक्तच द्यायचंय गं, किडनी नाही!"

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत माझ्या शेजारणीचं हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. फोन खांद्यात धरून, भाजी परतत, ती एकेका नातेवाइकाला हे ऐकवायची. समोरून फोन बंद झाला की "ठेवला मेल्याने" म्हणून पुढचा नंबर लावायची.

आमची दारं समोरासमोर. ती हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते, असं तिचा नवराच सांगायचा. आई स्तनाच्या कर्करोगाने गेलेली, पुढे तिलाही तोच निघाला. जनुकांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, दोष आईकडून आलाय, भावातही असू शकतो आणि त्याच्या मुलीतही. झालं! बाईसाहेब स्वतःचा आजार विसरल्या. मूलबाळ नव्हतं, सगळा जीव त्या एका भाचीत.

भाऊ नारायण पेठेतला, सज्जन माणूस. "मी पुरुष. मला कुठून होणार?" म्हणायचा.

"अरे दादा, तुझ्याकडून पोरीला जाईल ना!"

वहिनीने मात्र स्पष्टच सांगितलं, "वन्सं, तिची स्थळं बघतोय. लग्न होऊ द्या, मग काय ते."

पत्रिका दहा ज्योतिषांना दाखवतील, पण रक्त एकदा तपासायचं म्हटलं की अंगावर काटा! अशी माणसं तुमच्याही घरात असतील. माझ्या तर आहेतच.

मग तिने डोकं लढवलं. "फोन ठेवतात, पण संक्रांतीचं वाण कोण नाकारतंय?" केमोने केस गेलेले, डोक्याला रुमाल बांधून तिने माहेरच्या दहा जणींना हळदीकुंकवाला बोलावलं. तिळगूळ दिला आणि डबी-वाटीऐवजी प्रत्येकीच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत डॉक्टरांचं पत्र आणि तपासणी कुठे होते तो पत्ता. बायकांनी वाण कपाळाला लावून घेतलं. त्या गेल्यावर मी आवरायला थांबले, तर पाकिटं सोफ्याच्या उशांखाली, चपलांच्या कपाटावर, एक तर तुळशीच्या कुंडीत.

नऊ सापडली. "एक गेलं की गं!" म्हणून ती केवढी हसली! दहावं भाचीने नेलं होतं. तिचा फोनही आला, "आत्या, लग्न झालं की नक्की करते."

भाचीच्या लग्नात भावाने बहिणीला बजावलं होतं, कुणी विचारलं तर टायफॉइड झाला होता म्हण. तीही तसंच म्हणाली. घरी येऊन तिने मला हे सांगितलं. "पोरीचं मोडलं असतं तर? काय करू मी?" पुढच्याच वर्षी ती गेली. भाचीच्या तपासणीचं तेव्हाही "बघू" होतं.

तीन वर्षांनी तिच्या भावाचा मला फोन आला. भाचीला गाठ लागली होती. "तुम्ही तिच्याबरोबर जायचात, तुम्हाला तो दवाखाना माहीत आहे." मी गेले. भाची, जावई, भाऊ आणि मी डॉक्टरीणबाईंपुढे बसलो.

"घरात आधी कुणाला कर्करोग?"

"नाही, कुणालाच नाही," भाऊ चटकन म्हणाला. सवयच लागली होती.

"आजीला होता," भाची म्हणाली. "आणि आत्याला."

जावई सासऱ्याकडे बघतच राहिला. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "मग तपासून घ्या, असं तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली आणि रडायला लागली.