मूठभर बटणं

कारखान्यातल्या बायका तिला युक्तीताई म्हणायच्या. खरं नाव हजेरीपुरतं होतं, आणि सुपरवायझर तिथंसुद्धा कधीमधी चुकून "युक्ती" म्हणून मोकळा व्हायचा. ताई न रागावता "हजर" म्हणायची आणि आपल्या मशीनवर जाऊन बसायची.

शर्ट शिवायचा कारखाना होता तो. ताई काज-बटणाला. समोर शर्टांचा ढीग, पायाखाली मशीनचं पेडल, आणि बोटांच्या पेरांना बटणांची अशी सवय की बटण उलटं असलं तर न बघता कळायचं. जेवणाच्या सुट्टीत मात्र तिच्याभोवती घोळका जमायचा. कुणाचं भांडं करपलेलं, कुणाच्या पोराचे मोजे दर आठवड्याला एकेक करून बेपत्ता होणारे, कुणाच्या सासूचं तोंड थांबता थांबत नसे. सासूवर ताईकडेही इलाज नव्हता. बाकी सगळ्यावर होता.

"करपलेल्या भांड्यात पाणी आणि सोडा घालून उकळ. घासत बसू नकोस. हात तुझे आहेत."

"मोजे धुवायला टाकायच्या आधीच जोडीला पिन मार."

"बटाटे आणि अंडी एकाच पातेल्यात उकड. गॅसही वाचतो आणि तूही."

"आणि उद्याचे कपडे आजच खुर्चीवर काढून ठेव, बुटांसकट. सकाळी शोधाशोध करणारी आई सगळ्यांवर खेकसते, आणि मग दिवसभर तिचं तिलाच वाईट वाटत राहतं."

शेवटचं वाक्य ती जरा हळू बोलायची. कारण हौस म्हणून कुणी युक्त्या काढत नाही. नाकी नऊ आले की त्या आपोआप सुचतात. मुलगी नीट बोलायलाही लागली नव्हती तेव्हा ताईचा नवरा गेला. घरात दुसरं माणूस नाही. दोन खोल्या, एक पोर आणि कारखान्याची वेळ, एवढ्यात सगळं बसवायचं होतं. ताईनं ते बसवलं. सुट्टीच्या दिवशी ती सगळं आठवड्याचं चिरून, उकडून ठेवायची. सकाळी कामावर जाताना दोन डबे भरायची. लाल झाकणाचा दुपारचा, पिवळ्या झाकणाचा संध्याकाळचा. पोरगी शाळेतून यायची, गळ्यातल्या किल्लीनं दार उघडायची, आतून कडी घालायची आणि लाल झाकण उघडायची.

म्हणजे, ताईला तसं वाटायचं. एक दिवस तिच्या लक्षात आलं की डबे जसेच्या तसे आहेत. दुसऱ्या दिवशीही तेच. लेकीचे गाल बसलेले. ताईनं आधी आवाज चढवला, मग जवळ घेतलं, मग विचारलं, "भाजी आवडली नाही का?"

"आवडते."

"मग?"

"तू नसलीस की घास खाली जात नाही."

सात वर्षांची पोर ती. ताईच्या काळजात चर्र झालं. पण काळजाचं ऐकत बसली असती तर दुसऱ्या दिवशी मशीनवर कोण बसलं असतं? तिनं रात्रभर विचार केला आणि युक्ती काढली. कारखान्यात कड तुटलेली, रंग उडालेली बटणं बाजूला काढायचे आणि हवी तर न्या म्हणायचे. ताईनं त्यातलं एक निळं बटण कागदाच्या पुडीत बांधलं आणि डब्याच्या तळाशी ठेवून वर भात दाबला.

"डबा संपवलास की तळाशी बटण सापडेल," तिनं लेकीला सांगितलं. "ती जमव. तुझी मूठ भरली की एक अख्खी दुपार आई तुझी. त्या दुपारी मी स्वयंपाक करणार नाही, धुणं नाही, शिवण नाही. तू म्हणशील ते."

पोरगी सुतासारखी सरळ झाली. डबे घासून पुसून ठेवलेले सापडू लागले, आणि बटणं एका बरणीत जमू लागली. ताईनं ही युक्ती सुट्टीत सांगितली तेव्हा बायकांनी तोंडात बोटं घातली. बघता बघता कारखान्यातल्या निम्म्या पोरांच्या डब्यांत बटणं निघायला लागली.

सात वर्षांच्या पोरीची मूठ ती, भरायला असा कितीसा वेळ लागणार? एका सकाळी लेक बंद मूठ पुढे करून उभी राहिली. पण तो हंगाम ओव्हरटाइमचा होता. ताई म्हणाली, "पुढच्या रविवारी हं." पुढच्या रविवारीही कारखाना चालू होता. लेक दर वेळी मूठ उघडून बटणं पुन्हा बरणीत टाकायची.

शेवटी एकदाचा तो रविवार आला. लेकीनं ठरवलं होतं की इमारतीच्या गच्चीवर जायचं, चटई घालायची आणि आईनं तिला गोष्ट सांगायची. गेल्या. चटई घातली. ताईनं गोष्ट सुरू केली. एक होता राजा. राजाला काय झालं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही, कारण तेवढं बोलून ताईचा डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिचं डोकं लेकीच्या खांद्यावर होतं आणि पोरगी भिंतीला टेकून तशीच बसली होती. तिचा हात बधिर झाला होता. आईची झोप मोडेल म्हणून तिनं तो हलवला नव्हता.

"अगं, उठवायचं नाही का?" ताई कळवळली.

"तू दमली होतीस."

त्यानंतर लेकीनं मूठ कधीच पुढे केली नाही. ताई स्वतःहून विचारायची, "भरली का गं मूठ?" लेक म्हणायची, "राहू दे. मी साठवते. तुला खूप वेळ असेल ना, तेव्हा एकदम घेईन." ताई तिची पापी घ्यायची. "शहाणी गं माझी." आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीत सगळ्यांना अभिमानानं सांगायची की माझी मुलगी एवढीशी आहे, पण हट्ट म्हणून करत नाही. इतर पोरं आपापल्या दुपारी भांडून वसूल करत होती. आयांचे कपडे ओढत होती, रडत होती, लोळण घेत होती. त्या बायकांना ताईचा हेवा वाटायचा. आणि ताईला त्यांची कीव यायची.

वर्षं गेली. लेक मोठी झाली, तिची मूठही मोठी झाली, मग तर ती भरायला आणखी वेळ लागू लागला आणि एक दिवस डबेच बंद झाले. लेक शिकली, नोकरीला लागली, लग्न करून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेली. तिला मुलगी झाली. आणि ताई? डोळ्यांना सुईचं भोक दिसेनासं झालं, मशीन दुसऱ्या कुणाला मिळालं, आणि ताई घरी बसली.

आता वेळच वेळ होता. जन्मभर इथून चिमूटभर, तिथून चिमूटभर वाचवलेला वेळ एकदम अंगावर आला. भांडी करपत नव्हती, कारण रांधायचं कुणासाठी? मोज्यांची एकच जोडी, ती कुठं हरवणार? ताईला एकच हवं होतं. लेकीनं एक दुपार येऊन बसावं. काही करू नये. नुसतं बसावं.

लेक यायची, नाही असं नाही. आई वाळत चाललीय, डॉक्टर वजन वाढवा म्हणतात, हे कळल्यापासून तर दर रविवारी न चुकता यायची. पण यायची ती वाऱ्यासारखी. हातात पिशव्या, कानाला फोन, बरोबर कधी नात तर कधी नुसती नातीच्या क्लासची घाई. फ्रिज उघडायची, डबे रचायची.

"लाल झाकणाचे दुपारचे, पिवळे संध्याकाळचे. लक्षात राहील ना?"

"राहील की," ताई म्हणायची. आणि काय म्हणणार? युक्ती तिचीच होती.

"बटाटे, अंडी एकदम उकडून टाकलीत. सोलून ठेवलीत. नुसतं गरम करायचं. बस, आई, निघते मी. सिग्नलला अडकले तर तिचा क्लास चुकेल."

ताई दारात उभी राहून जिन्यातली पावलं ऐकायची. लेक किती छान सांभाळते सगळं, असं तिला वाटायचं, आणि रडूही यायचं. दोन्ही खरं होतं.

मग एका रविवारी लेकीनं फ्रिज उघडला तर मागचे डबे तसेच. लाल आणि पिवळी झाकणं, एकावर एक. एकही उघडलेलं नाही.

"आई! हे काय? अख्खा आठवडा तू खाल्लंस काय?"

"पाव होता. चहात बुडवून खाल्ला."

"मी सकाळी लवकर उठून हे सगळं करते. ऑफिस, घर, पोर, सगळं सांभाळून करते. आणि तू..." लेकीचा आवाज चढला. मग तिनं श्वास घेतला. "भाजी आवडत नाही का तुला?"

"आवडते."

"मग?"

ताईच्या ओठांवर आलं होतं ते तिनं परतवायचा प्रयत्न केला. परतलं नाही. "एकटीला घास खाली जात नाही गं."

लेक थांबली. फ्रिजचं दार उघडंच राहिलं. तिला आठवलं, हे ताईला दिसलं. आणि ती संधी साधून ताई उठली, आतल्या कपाटाकडे गेली आणि बरणी घेऊन आली. आदल्याच आठवड्यात कपाट आवरताना ती सापडली होती, लेकीच्या जुन्या दप्तरामागं. निळी, पांढरी, कड तुटलेली बटणं. बरणी काठोकाठ भरलेली.

"तुझ्या किती दुपारी देणं लागते बघ," ताई हसून म्हणाली. "आता मला वेळ आहे. वसूल करतेस का? आजची एक घे. बस इथं. मी गोष्ट सांगते. राजाचं काय झालं ते राहिलंय बघ."

लेकीनं बरणीकडे पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर सात वर्षांचा झाला. तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो बंद केला, घड्याळ पाहिलं, पिशवी खांद्याला लावली आणि हसतच म्हणाली, "आई, त्यांची मुदत कधीच संपली गं."

गंमतच केली होती तिनं. पण दोघींपैकी कुणालाच हसू आलं नाही.

"गंमत केली," लेक म्हणाली. तिनं ताईला घट्ट मिठी मारली, डोळे पुसले, आणि गेली. जायलाच हवं होतं. खाली गाडीत पोर वाट बघत होती. लेक वाईट नव्हती हो. तिच्याकडे वेळ नव्हता, आणि वेळ नसताना कसं निभवायचं ते ती उत्तम शिकलेली होती.

पुढच्या रविवारी पुन्हा डबे आले. लेक या वेळी मुद्दाम म्हणाली, "सोमवारचा लाल डबा पूर्ण संपवायचा. तळापर्यंत. मला सांगायचं फोन करून." सोमवारी दुपारी ताई टेबलाशी बसली. भात गरम केला. पहिला घास बळंच गिळला, दुसराही. तळाशी चमचा कशाला तरी लागला. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक बटण. लहानसं, पिवळं, नातीच्या फ्रॉकचं असावं.

ताई किती तरी वेळ ते पेरांवर फिरवत बसली. जन्मभर बटणं हाताळली होती तिनं. पण या बटणाचं मोल तिला जितकं ठाऊक होतं तितकं जगात आणखी एकाच बाईला ठाऊक होतं, आणि तिनंच ते पाठवलं होतं.

फोन तिनं केला नाही. लेकीचाच आला. मागं ऑफिसचा गलका होता.

"आई, सापडलं का?"

"सापडलं."

"मूठ भरली की एक अख्खी दुपार मी तुझी. फोन बंद, काही नाही. शब्द देते." लेक मनापासून बोलत होती. मग आवाज उतरला. "फक्त या रविवारी नाही जमणार गं. महिनाअखेर आहे, सुट्टीलाही बोलावलंय. डबे कुणाबरोबर तरी पाठवते. चालेल ना? पुढच्या रविवारी नक्की."

ताईला ओरडावंसं वाटलं. कपडे ओढावेत, लोळण घ्यावी, मला आत्ता हवी आहेस म्हणावं. ती पोरं किती बरोबर होती, हे तिला आज कळत होतं. तिनं मूठ आवळली. सुजलेल्या सांध्यांची मोठी मूठ, आणि आत एक बटण.

"राहू दे," ती म्हणाली. "मी साठवते. तुला खूप वेळ असेल ना, तेव्हा एकदम घेईन."

पलीकडे लेकीनं नाक ओढलं.

"शहाणी गं माझी आई," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

ताईनं डबा घासला, पुसला आणि ओट्यावर पालथा घातला. कपाटातल्या भरल्या बरणीला तिनं हात लावला नाही. ती लेकीची होती. तिनं फळीवरची दुसरी, रिकामी बरणी काढली, झाकण उघडलं, आणि बटण आत टाकलं.